टिरोलमधले सायकल ट्रेल: बंदी असलेल्या जंगलात ते झाले कसे

म्युनिकहून सकाळची मिटेनवाल्डकडची ट्रेन पकडली की दोन तासांच्या आत सायकलसकट आपण आल्प्समध्ये असतो, हे म्युनिकमधल्या बऱ्याच मराठी आयटीवाल्यांना एव्हाना कळलंय. मिटेनवाल्ड हे बव्हेरियाच्या बाजूचं शेवटचं गाव, पुढचं स्टेशन शार्निट्झ, ते ऑस्ट्रियात, टिरोल राज्यात. १९१२ पासून ही रेल्वे लाईन तशीच पुढं इन्सब्रुकपर्यंत जाते. म्युनिकच्या मधून वाहणारी इझार नदी उगम पावते तीसुद्धा शार्निट्झच्या मागच्या हिंटरआउताल नावाच्या दरीत, म्हणजे नदी ऑस्ट्रियात जन्मते आणि खाली जर्मनीत येते. दोन्हीकडं डोंगर एकच, कार्वेंडेल. पांढरा चुनखडीचा दगड, खाली पाइनसारख्या झाडांचं जंगल, आणि त्या जंगलातून लाकूड वाहण्यासाठी केलेले कच्चे फॉरेस्ट रोड.

तर प्रकरण असं आहे की बव्हेरियाच्या बाजूला अशा फॉरेस्ट रोडवर सायकल घातली तर कोणी काही म्हणत नाही, तो हक्कच आहे. शार्निट्झ ओलांडलं की तसल्याच रस्त्याच्या तोंडाशी लाल कडेचा गोल बोर्ड असतो आणि खाली लिहिलेलं असतं की हा फॉरेस्ट रोड आहे, सायकलला पण बंदी. मग शेजारच्या दरीत जावं तर तिथं टिरोलचा अधिकृत माउंटन बाइक बोर्ड, रूटचा नंबर, अवघडपणाचा रंग, सगळं व्यवस्थित. शार्निट्झहून कार्वेंडेलताल दरीतून १७७१ मीटरवरच्या कार्वेंडेलहाउसपर्यंत जाणारा रस्ता तर आल्प्समधल्या सगळ्यात जुन्या आणि गाजलेल्या सायकल रूटपैकी एक, उन्हाळ्यातल्या रविवारी तिथं सायकलींची रांग असते. एका रस्त्यावर रांग आणि दुसऱ्यावर दंडाची भीती, आणि बघायला गेलं तर दोन्ही रस्त्यांची खडी सारखीच.

फरक कागदाचा आहे. एका रस्त्याचा करार झालाय, दुसऱ्याचा नाही. ट्रेल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर फावडं, कुदळ, बर्म म्हणजे वळणावरची मातीची उंच कड, जंप येतात, पण आल्प्सच्या या भागात ट्रेल खरा तयार होतो तो जमीनमालक, गावची पंचायत, टुरिझम असोसिएशन आणि विमा कंपनी यांच्या कागदपत्रात, मग नंतर फावडं. माझं म्हणणं असं की टिरोलमध्ये इतके चांगले ट्रेल झाले ते बंदी असूनही नाही, बऱ्याच अंशी बंदीमुळं झाले. आणि त्याच कारणानं ऑस्ट्रियाच्या इतर बऱ्याच भागात होत नाहीत.

कायदा चालणाऱ्यांसाठी झाला होता

ऑस्ट्रियाचा जंगल कायदा १९७५ चा, लागू झाला १ जानेवारी १९७६ ला. त्याचं कलम ३३ सांगतं की कोणीही माणूस विरंगुळ्यासाठी जंगलात जाऊ शकतो, थांबू शकतो, मालक कोणी का असेना. त्या काळी ही फार मोठी गोष्ट होती. त्याआधी जंगलमालक, त्यात जुनी सरदार घराणी, चर्च, मोठे इस्टेटवाले, हे लोकांना हाकलून देऊ शकत होते, आणि व्हिएन्नामध्ये १८९५ ला कामगारांनी सुरू केलेल्या नाटूरफ्रॉइंडे संघटनेनं पिढ्यानपिढ्या यासाठी भांडण केलं होतं की रविवारी कारखाना बंद असतो तेव्हा आम्हाला डोंगरात चालू द्या. त्यामुळं हा कायदा तसा पुरोगामी, लोकांच्या बाजूचा. पण त्याच कलमात पुढं असंही आहे की जंगलात तंबू ठोकणं, घोडा फिरवणं किंवा वाहन चालवणं यासाठी मालकाची परवानगी पाहिजे, आणि फॉरेस्ट रोड असेल तर तो रस्ता जो सांभाळतो त्याची. सायकल वाहनात आली.

गंमत बघा, हा कायदा लागू झाला त्याच वर्षी, २१ ऑक्टोबर १९७६ ला, कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीत काही पोरांनी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन रिपॅक नावाची उताराची पहिली रेस लावली आणि त्यातून माउंटन बाइक नावाचा प्रकार निघाला. म्हणजे कायदा करणाऱ्यांना हा प्राणी माहीतच नव्हता. त्यांच्या डोक्यात मोपेड आणि जीप असणार. पण कायदा एकदा झाला की झाला, नंतर सायकली हजारोंनी आल्या तरी कलम तेच राहिलं, आणि आजही तेच आहे.

आता पुढचा भाग आपल्या लोकांना लगेच कळेल कारण आपल्याकडं बांधावरच्या भांडणात पिढ्या गेल्यात. ऑस्ट्रियात पण वहिवाट आहे. एखाद्या वाटेनं लोक ३० वर्षं हक्कानं जात राहिले, मालकानं काही केलं नाही, तर वाटेचा हक्क तयार होऊ शकतो, जमीन सरकार किंवा चर्चसारख्या संस्थेची असेल तर ४० वर्षं. म्हणून मालक सायकलवाल्याला बघून न बघितल्यासारखं करू शकत नाही, म्हणजे करू शकतो, पण त्याचा वकील त्याला सांगतो की करू नकोस. ताब्यात अडथळा आणल्याचा दावा टाकायचा तर कळल्यापासून ३० दिवसांत टाकावा लागतो. त्यामुळं काही ठिकाणी असं होतं की सायकलवाला एकदा रस्ता चुकला, कोणाला काही त्रास नाही, आणि तरी वकिलाचं पत्र, वर खर्चाचा आकडा. पत्र मिळालेल्या माणसाला वाटतं हा मालक काय खुनशी आहे, आणि मालकाला वाटतं की मी आज गप्प बसलो तर नातवाच्या वेळी हा रस्ता माझा राहणार नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर, हीच तर पंचाईत. यावर तोड एकच, मालकानं स्वतः लेखी परवानगी द्यायची, कारण परवानगीनं केलेल्या वापरातून वहिवाट लागत नाही. म्हणजे करार हा सायकलवाल्यापेक्षा मालकाला जास्त उपयोगी आहे, हे एकदा गावात पटलं की बोलणी पुढं जातात.

भीती कोणाची

दुसरी भानगड जबाबदारीची. कोणी पडलं, मान मोडली, तर भरपाई कोण देणार? ऑस्ट्रियाच्या दिवाणी कायद्यात कलम १३१९ अ आहे, त्यानुसार रस्ता सांभाळणारा माणूस फक्त मुद्दाम केलेल्या किंवा घोर हलगर्जीपणासाठीच जबाबदार. म्हणजे ट्रेलवर मूळ वर आलंय, दगड सुटलाय, यासाठी कोणी शेतकऱ्याला कोर्टात खेचून फार काही मिळवू शकत नाही. कागदावर मालक बऱ्यापैकी सुरक्षित आहे. पण भीती कागद वाचून येत नाही, शेजारच्या गावात काय झालं ते ऐकून येते.

आणि टिरोलमध्ये तसं झालं. जुलै २०१४ मध्ये श्टुबाय खोऱ्यातल्या पिनिसताल दरीत एक जर्मन बाई कुत्र्याला घेऊन चालत होत्या, वासरं सोबत असलेल्या गायींनी कुत्र्यामुळं बिथरून हल्ला केला आणि त्यात त्या गेल्या. घरच्यांनी केस केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये इन्सब्रुकच्या कोर्टानं सगळा दोष शेतकऱ्याचा धरला, पुढं द्यायचे हप्ते धरून रक्कम जवळपास ४ लाख ९० हजार युरोपर्यंत गेली. टिरोलचा गायीवाला शेतकरी म्हणजे काही जमीनदार नाही, पंधरा-वीस गायी, उन्हाळ्यात वर कुरणात न्यायच्या, थंडीत खाली आणायच्या, एवढाच व्याप. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून सगळ्या राज्यात एकच चर्चा, वाटा बंद करा, हायकिंग पण नको नि सायकल पण नको. नंतर वरच्या कोर्टानं दोष अर्धा अर्धा केला आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं तेच कायम ठेवलं, मधल्या काळात २०१९ मध्येच सरकारनं कायद्यात दुरुस्ती करून कुरणात येणाऱ्या माणसाचीही स्वतःची जबाबदारी असते हे घातलं. या केसचा सायकलशी काडीचा संबंध नाही. पण टिरोलमध्ये कुठल्याही गावात ट्रेलची मीटिंग लावा, गायीचा निकाल कोणीतरी काढणारच.

राज्यानं काय केलं

टिरोल राज्य सरकारनं कायदा बदलायची वाट बघितली नाही. १९९७ पासून त्यांचं माउंटन बाइक मॉडेल सुरू आहे, त्यांनी केलं असं की एक छापील करार तयार केला, एका बाजूला जमीन किंवा रस्त्याचा मालक, दुसऱ्या बाजूला गावची पंचायत नाहीतर टुरिझम असोसिएशन. मालक ठरलेल्या रस्त्यावर सायकलला परवानगी देतो, त्याला मीटरच्या हिशोबानं मोबदला मिळतो, आणि सायकलवाल्यांबाबतची जबाबदारी त्याच्या डोक्यावरून उतरून चालवणाऱ्या संस्थेकडं जाते. वर राज्य सरकारनं सगळ्या अशा रूटसाठी एकत्र विमा काढलाय. मोबदला काही फार नसतो, त्यावर कोणी श्रीमंत होत नाही. खरा आधार विम्याचा आहे. शेतकऱ्याला पैसे किती यापेक्षा रात्री झोप लागेल का हे महत्त्वाचं असतं.

सुरुवातीला हे मॉडेल फक्त फॉरेस्ट रोडपुरतं होतं, म्हणजे चढा आणि त्याच रस्त्यानं उतरा. पण सायकली बदलल्या, पुढं-मागं सस्पेन्शन आलं, डिस्क ब्रेक आले, कोणाला रुंद खडीच्या रस्त्यानं उतरायची हौस राहिली नाही. लोक हायकिंगच्या वाटांवर घुसायला लागले, भांडणं वाढली. २०१४ च्या सुमारास मॉडेलची दुसरी आवृत्ती आली आणि त्यात सिंगलट्रेल पण घेतले, अरुंद, फक्त उतारासाठी किंवा सायकल आणि चालणारे दोघांसाठी, बाकी रूटसारखंच निळा-लाल-काळा म्हणजे सोपा, मध्यम, अवघड असा रंग देऊन. आज टिरोलमध्ये करार झालेले फॉरेस्ट रोड हजारो किलोमीटर आहेत आणि सिंगलट्रेल काही शे किलोमीटर. आल्प्सच्या मानानं हे खरंच खूप आहे.

करार म्हणजे सही केली की झालं असं नाही. चालवणाऱ्या संस्थेनं ट्रेल ठराविक काळानं तपासायचा, नोंद ठेवायची, बोर्ड जागेवर आहे का बघायचं, वादळानं झाड पडलं तर बंद करायचा. लाकूडतोड सुरू झाली की मालक रूट बंद ठेवू शकतो आणि तिथं घुसलात तर तो सरळ सरळ गुन्हा, कारण वरच्या उतारावरून खाली येणारा ओंडका तुमची सायकल कार्बनची आहे का ॲल्युमिनियमची हे बघत नाही.

आणि मालक तरी एक असतो का? टिरोलमध्ये बरीच जंगलं आणि कुरणं सामायिक आहेत, गावातल्या जुन्या शेतकरी घरांची मिळून एक सोसायटी असते आणि तिच्या नावावर जमीन. सातबाऱ्यावर चाळीस नावं असलेली जमीन विकत घ्यायला गेलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. सभा होते, ठराव होतो, एखादा म्हातारा म्हणतो आमच्या बापजाद्यांनी कधी असलं दिलं नाही, आणि विषय पुढच्या वर्षावर. एका पाच किलोमीटरच्या ट्रेलला तीन-चार मालक लागले तर मधला एक अडला की सगळं अडलं. त्या मानानं सरकारी वनसंस्था, जिच्याकडं देशातल्या जंगलाचा जवळपास १५ टक्के भाग आहे, तिच्याशी बोलणं सोपं, एक सही आणि मोठा पट्टा मोकळा.

शिकाऱ्यांचा मुद्दा मात्र सायकलवाले फार हलक्यात घेतात, आणि ते मला पटत नाही. इथं शिकारीचे हक्क भाड्यानं दिले जातात, त्याचे चांगले पैसे मिळतात, त्यामुळं शिकारी हा मालकाचा भाडेकरू, त्याचं ऐकावंच लागतं. पण पैसा बाजूला ठेवला तरी प्रश्न खरा आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला रेड डिअर म्हणजे मोठी हरणं झाडीतून चरायला बाहेर येतात. त्या वेळी कपाळाला टॉर्च लावलेले चार जण आरडाओरडा करत खाली गेले की ती आत दडून बसतात, भूक लागते, मग कोवळ्या झाडांची साल सोलून खातात. साल गेलेलं झाड कुजतं. आणि टिरोलमधलं कितीतरी जंगल हे लाकडासाठी नाही, खालच्या गावावर बर्फ आणि दगड येऊ नयेत म्हणून राखलेलं आहे. १९९९ च्या फेब्रुवारीत गाल्ट्युअर आणि शेजारच्या वाल्झूरमध्ये हिमस्खलनात ३८ माणसं गेली ते राज्य आहे हे, तिथं उतारावरच्या जंगलाबद्दल लोक हळवे असणारच. म्हणून ट्रेल ठरवताना शिकारी आणि वनखात्याचा माणूस नकाशावर कुठून जाऊ नका हे आधी दाखवतो, आणि अंधारात सायकल चालवू नका असा नियम असतो. संध्याकाळी सहा-सातनंतर ट्रेलवर राहायचं कारणच काय, खाली बिअर थंड होतेच आहे.

इन्सब्रुकच्या डोक्यावरचा ट्रेल

मॉडेलचं काय होतं ते बघायचं तर इन्सब्रुकला जावं. शहर ५७४ मीटरवर, वर उत्तरेला नॉर्डकेटेची भिंत उभी, ती कार्वेंडेलचीच दक्षिणेकडची रांग. आर्किटेक्ट झाहा हदीदनं डिझाइन केलेल्या स्टेशनांची, २००७ मध्ये सुरू झालेली हुंगरबुर्गची फ्युनिक्युलर म्हणजे दोरानं ओढली जाणारी डोंगरी रेल्वे शहराच्या मधून वर जाते, पुढं केबल कार तुम्हाला १९०५ मीटरवरच्या झेग्रुबेला सोडते. तिथून खाली हुंगरबुर्गपर्यंत नॉर्डकेटे सिंगलट्रेल आहे, चार-साडेचार किलोमीटरच्या आत हजार मीटरहून जास्त उतार. हिशोब करून बघा, हा उतार पुण्यातल्या कुठल्याही टेकडीवर सापडणार नाही. युरोपातल्या सगळ्यात अवघड ट्रेलमध्ये याचं नाव घेतात ते उगाच नाही. वरचा भाग उघडा, सुटी चुनखडी, टायरखाली पत्र्यासारखा आवाज करत सरकणारी. खाली झाडी लागली की मुळं, ती पण उताराला आडवी नाही तर तिरकी, ओली असली की पुढचं चाक कधी गेलं कळत नाही. घट्ट वळणं. दोन्ही ब्रेक धरून धरून बोटं बधिर होतात, आणि खाली आलेल्यांच्या ब्रेक डिस्कला हात लावायची हिंमत करू नका.

मला त्या ट्रेलवर सगळ्यात आवडलं ते पाण्याचं काम. आल्प्समध्ये ट्रेलचा खरा शत्रू टायर नाही, पाणी. मेमध्ये बर्फ वितळतं, जुलैत दुपारी वळवासारखी धो धो सर येते, आणि ट्रेल जर उताराच्या रेषेत सरळ खाली गेला असेल तर दोन सीझनमध्ये त्याचा नाला होतो. म्हणून चांगला ट्रेल खाली जाता जाता मधेच थोडा चढतो, त्या खोलगटातून पाणी कडेला निघून जातं. पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कललेला. तीव्र उतारात दगड नाहीतर लाकूड तिरकं बसवून पाण्याला रस्ता दाखवायचा. वळणाच्या आधी लोक ब्रेक दाबतात, तिथं लाटांसारखे खड्डे पडतात, ते दरवर्षी हातानं भरावे लागतात. एवढं काम कोणी फुकट आणि चोरून करत नाही, करार आणि बजेट असेल तरच होतं.

पण इन्सब्रुक हे विद्यापीठाचं गाव, पोरं भरपूर, त्यातल्या निम्म्यांकडं सायकल. एका काळ्या ट्रेलवर त्यांचं भागणार कसं? त्यामुळं शहराभोवतीच्या जंगलात वर्षानुवर्षं चोरटे ट्रेल होते आणि आहेत, रात्रीत बनणारे, वनखातं येऊन मोडणारे, परत बनणारे. पुढं हुंगरबुर्गजवळ आर्झलर आल्मचा त्या मानानं सोपा ट्रेल अधिकृत झाला, दक्षिणेला मुटर्स आणि गोट्झेन्सच्या बाजूला बाइक पार्क झाला, आणि २०१७ पासून क्रँकवर्क्ससारखा माउंटन बाइकचा जागतिक फेस्टिव्हल तिथं यायला लागला. तरी घराच्या दारातून निघून तासाभरात परत येता येईल असे सोपे ट्रेल कमीच, असं तिथल्या लोकांचं म्हणणं, आणि ते रास्त आहे.

मॉडेल कुठं अडकतं

इथं मॉडेलची कमजोरी दिसते. पैसा येतो तो टुरिझममधून. जिथं हॉटेलं आहेत, केबल कार आहे आणि उन्हाळ्यात ती रिकामी चालवणं परवडत नाही, तिथं ट्रेल होतो. झ्योल्डेन, झेरफाउस, नाउडर्स, सगळी स्कीची गावं. शेजारच्या साल्झबुर्ग राज्यातल्या लिओगांगचं तेच, तिथं बाइक पार्क २००१ पासून आहे आणि २०१२ आणि २०२० ची माउंटन बाइकची वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली. बर्फ कमी पडायला लागलाय हे या गावांना आपल्यापेक्षा आधी कळलं, म्हणून सायकलवर एवढं प्रेम. पण व्हिएन्नाच्या आसपास, लोअर ऑस्ट्रियात, जिथं माणसं लाखोंनी राहतात आणि जंगल मोठमोठ्या खासगी इस्टेटींचं आहे, तिथं पर्यटकाच्या पैशाची मालकाला गरज नाही. तिथं करार झालेले रस्ते अपुरे आणि वकिलाची पत्रं जास्त. म्हणजे पाहुण्याला पुरणपोळी आणि घरच्याला शिळी भाकरी.

आता उलटी बाजू. बव्हेरियाच्या १९४६ च्या राज्यघटनेत कलम १४१ आहे, निसर्गाचा आनंद घेणं हा प्रत्येकाचा हक्क, जंगलात आणि डोंगरी कुरणात जाणं, रानातली फळं वेचणंसुद्धा त्यात लिहिलंय. राज्याच्या निसर्ग कायद्यानुसार योग्य अशा वाटांवर सायकल चालते, चालणाऱ्याला मान आधी. आणि जर्मनीचा केंद्रीय कायदा सांगतो की निसर्गात जाल ते स्वतःच्या जबाबदारीवर. इतकं सगळं सोपं. मग बव्हेरियाचे सायकलवाले शनिवारी गाड्यांच्या मागं सायकली लटकवून टिरोलला का पळतात? कारण बव्हेरियात हक्क आहे पण ट्रेल नाहीत. चालायच्या वाटेनं जायची मुभा आहे, नवीन ट्रेल खोदायचा तर तिथंही मालकाची आणि निसर्ग खात्याची परवानगी लागतेच, आणि मुभा फुकट मिळत असेल तर पंचायत मालकाला पैसे कशाला देईल? मग सगळे त्याच वाटांवर, आजीआजोबा, कुत्री, लहान पोरं आणि वरून येणारा हेल्मेटवाला. योग्य वाट म्हणजे कोणती यावर २०२० मध्ये राज्याच्या पर्यावरण मंत्रालयानं सूचना काढल्या तर सायकल संघटना खवळल्या, की मागच्या दारानं बंदी आणताय. शेजारच्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये तर जंगलात दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल नाही हा नियम आहे, टेप घेऊन फिरा.

स्वित्झर्लंडनं तिसरा रस्ता धरला. २३ सप्टेंबर २०१८ च्या मतदानात ७३.६ टक्के लोकांनी सायकल मार्गांचा विषय राज्यघटनेत घ्यायला हो म्हटलं, आणि १ जानेवारी २०२३ पासून कायदा लागू आहे की प्रत्येक कँटननं म्हणजे राज्यानं २०२७ पर्यंत सायकल मार्गांचे आराखडे करायचे आणि २०४२ पर्यंत ते प्रत्यक्षात आणायचे, त्यात माउंटन बाइकचे मार्गही आले. म्हणजे ट्रेल हा रस्त्यासारखाच नियोजनाचा विषय. सगळ्यात शहाणपणाचं मला हेच वाटतं, पण ते होण्यासाठी स्विस असावं लागतं.

ऑस्ट्रियात नाटूरफ्रॉइंडे, अल्पेनफेराइन ही गिर्यारोहकांची संघटना आणि सायकल संघटनांची मागणी आहे की निदान रुंद फॉरेस्ट रोड तरी सगळ्यांना कायद्यानं मोकळे करा. शेतकरी आणि जंगलमालकांच्या संघटना म्हणतात अजिबात नाही, करारानं या. माझं मत मधलं आहे. ज्या रस्त्यावरून चाळीस टनांचा लाकडाचा ट्रक जातो तिथं सायकलनं जंगलाचं काय बिघडतं हे कोणी मला सांगू शकलेलं नाही, ते रस्ते दिवसा उघडायलाच पाहिजेत, जबाबदारी स्वतःची. सिंगलट्रेलला मात्र करारच बरा, कारण तिथं देखभाल लागते आणि देखभालीला मालक लागतो. ई-बाइकनं तर हा प्रश्न आणखी तातडीचा केलाय, पूर्वी ज्या उंचीवर फक्त पायात दम असलेला पोचायचा तिथं आता कोणीही पोचतो, आणि वर पोचलेल्या प्रत्येकाला उतरता येतंच असं नाही.

पुण्यातले मित्र विचारतात की मुळशी-मावळात असला ट्रेल करता येईल का. डोंगर आहे, पोरं आहेत, वेताळ टेकडीवर रोज सकाळी सायकली दिसतातच. माझं उत्तर त्यांना आवडत नाही. आधी गट नंबर काढा, कुठला तुकडा वनखात्याचा, कुठला गायरान, कुठला कोणाच्या सामायिक नावावर ते लिहून काढा, आणि पावसाळ्यात वाट चार महिने वाहून जाणार हे धरून कोण दुरुस्त करणार ते ठरवा. नाहीतर दोन वर्षं मेहनत करून केलेल्या ट्रेलला एक दिवस तारेचं कुंपण आणि प्लॉट विकणे आहे असा बोर्ड लागतो, त्यात मालकाची चूक काहीच नसते.

इकडं येणार असाल तर कामाच्या गोष्टी. करार हे मुदतीचे असतात, संपू शकतात, एखादा मालक पुढं करत नाही आणि रूट नकाशावरून गायब होतो. म्हणून ॲपवर कोणीतरी पाच वर्षांपूर्वी टाकलेला ट्रॅक घेऊन शार्निट्झच्या मागं शिरू नका, टिरोल राज्याचा स्वतःचा ऑनलाइन नकाशा आहे, रूट त्यावर असेल तर चालतो, नसेल तर नाही, इतकं साधं. गाय दिसली की उतरून लांबून जा, फाटक उघडलंत तर लावा. आणि अल्पेनफेराइनची मेंबरशिप घ्या, कारण खेळताना पडलात आणि हेलिकॉप्टर बोलवावं लागलं तर ऑस्ट्रियात त्याचं बिल तुमच्याच नावावर येऊ शकतं, मेंबरशिपमध्ये सुटकेचा खर्च २५,००० युरोपर्यंत धरलेला असतो. नॉर्डकेटेला पहिल्याच दिवशी जाऊ नका, आधी आर्झलर आल्म करा, आणि भाड्याची सायकल घेतलीत तर वर जायच्या आधी ब्रेक पॅड किती उरलेत ते दुकानातच बघून घ्या.